पाचवी पाकळी पांढरी असते

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘आठवणीतलं झाड’ हा लेख आणि त्याच्याशेजारचं बालचित्रांचं पान, दोन्ही मी भिंग घेऊन वाचलं. भिंग वयापायी नाही, सवयीपायी. ३४ वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम केलं. सुरुवातीची बरीच वर्षं खिळे जुळवून काढलेली ओली प्रुफं, नंतर संगणकाची. छापील काहीही समोर आलं की हात आपोआप तांबड्या पेन्सिलीकडे जातो. लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत. त्यांची नोंद मी वेगळ्या कागदावर केली आहे आणि तो कागद माझ्याकडेच ठेवणार आहे. हे पत्र एका वाक्याबद्दल आणि एका पाकळीबद्दल आहे.

लेखाचा सगळा डोलारा ज्या वाक्यावर उभा आहे ते असं, की लहानपणी मन लावून पाहिलेलं झाड आठवणीत कधी सुकत नाही. वाचायला गोड आहे. माझ्या झाडापुरतं मात्र ते खरं नाही. माझं झाड आठवणीत सुकलं नाही, त्याहून वाईट झालं. ते बदललं, आणि मला पत्ताही लागला नाही.

झाड गुलमोहराचं. आमच्या घराला टेकून म्हणावं इतकं जवळ, माडीवरच्या खोलीच्या खिडकीसमोर. मी दहा वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली, दुसऱ्याच दिवशी जिन्यावरून घसरले आणि पाय मोडला. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे अंथरुण. आईने खाट खिडकीशी सरकवली, म्हणजे मला वारा लागेल आणि खाली स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येईल. त्या सहा आठवड्यांत मी जगात फक्त दोनच गोष्टी पाहिल्या असं म्हटलं तरी चालेल. एक छताची आढी आणि दुसरा तो गुलमोहर.

गुलमोहर सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण खालून. तो पसरतो छत्रीसारखा आणि फुलतो छत्रीच्या वरच्या अंगाने. खाली उभ्या असलेल्या माणसाला फांद्या, पिसासारख्या पानांची जाळी आणि मधूनमधून तांबडं काहीतरी एवढंच दिसतं. मी माडीवर होते, त्यामुळे मला छत्रीचं कापड दिसत होतं. फुलं माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, काही तर गजांतून हात घातला असता तर मिळाली असती. अर्थात हात पुरत नव्हता. मी रोज प्रयत्न करत असे.

कळी हिरवी, टपोरी, लांबट मण्यासारखी. ती उमलताना आधी पाच जाड दलं मागे वळतात. बाहेरून हिरवी, आतून तांबडी, कडेला पिवळी रेघ. (हीच दलं सोलून आम्ही मुली नखांवर चिकटवायचो.) मग पाकळ्या. बुडाशी देठासारख्या बारीक आणि वर एकदम पसरट, कडेला चुण्या पडलेल्या, जशी कुणी झालर घाईघाईने शिवली आहे. आणि मधून बाहेर आलेले दहा लांब तांबडे केसर. त्या केसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची आणि ज्याचं डोकं तुटेल तो हरला, हा खेळ दादा आणि मी त्या सुट्टीत खाटेवर बसून किती वेळा खेळलो त्याला गणती नाही. दादा दीड वर्षांनी मोठा आणि हरल्यावर केसर बदलून मागणारा.

आता पाकळी. पाच पाकळ्यांपैकी चार शेंदरी-तांबड्या. पाचवी त्यांच्यापेक्षा किंचित मोठी, ताठ उभी, आणि ती तांबडी नसते. पांढरी, आत पिवळसर झाक, आणि त्यावर तांबडे शिंतोडे, जसं कुणी भिजलेला कुंचला झटकला आहे. मला हे पहिल्या आठवड्यात दिसलं आणि विश्वास बसला नाही. वाटलं, एखादं फूल असं निघालं असेल. म्हणून दादाला खाली पिटाळून गळलेल्या पाकळ्यांचा टोपभर ढीग मागवला आणि चादरीवर दोन वाटे केले. एकीकडे तांबड्या, दुसरीकडे पांढऱ्या. तांबड्या २१२ भरल्या, पांढऱ्या ५१. हे आकडे आजही मला तोंडपाठ आहेत, कारण दादाने त्यांवरून माझं नाव ‘दोनशे बारा’ ठेवलं होतं. चारास एक हा हिशेब मला तेव्हाही कळला. फूल शिळं होत आलं की ही पांढरी पाकळी कडेने आत वळते आणि तिची सुरळी होते. म्हणून ती चटकन लक्षात येत नाही. पण ती प्रत्येक फुलात असते.

शाळेने सुट्टीत काढायला विषय दिला होता ‘माझे आवडते झाड’. मी खाटेवर पाट आडवा घेऊन चित्र काढलं. समोर जे होतं ते काढलं. खिडकीचे चार उभे गज काढले, कारण ते माझ्या आणि झाडाच्या मध्ये होते. डावीकडून आत आलेली मोठी फांदी काढली, जी कागदाच्या उजव्या कडेबाहेर निघून गेली, कारण कागद संपला. बुंधा काढला नाही, जमीन काढली नाही. झोपलेल्या मुलीला बुंधा कुठून दिसणार? फांदीला राखाडी रंग दिला, कारण तिची साल राखाडी होती. फुलं तेवीस काढली, आणि प्रत्येकात पाचव्या पाकळीच्या जागी कागद पांढराच ठेवून वर तांबडे ठिपके दिले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. चित्र परत आलं तेव्हा त्यावर १० पैकी ३ गुण आणि तांबड्या पेन्सिलीने तीन शेरे होते. ‘गज नकोत.’ ‘झाड पूर्ण नाही.’ ‘रंग अपुरा.’ आणि तेवीसच्या तेवीस पांढऱ्या पाकळ्यांभोवती एकेक वर्तुळ. बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं असणार की पोरीने रंगवायचा कंटाळा केला. दुसऱ्या दिवशी मी कंपासपेटीतून एक ताजं फूल नेलं आणि टेबलावर ठेवलं. बाईंनी ते चष्मा सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे किडकं दिसतंय.” पुढे ३४ वर्षं मीच तांबडी पेन्सिल हातात धरली. पण त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्याच वरिष्ठाने शिकवलं नाही. मूळ प्रत समोर असताना ती न बघता खूण करायची नाही. लेखकाचं जे आपल्याला ‘चूक’ वाटतं ते कदाचित त्याला तसंच म्हणायचं असेल.

मी ते चित्र फाडणार होते. दादाने हिसकावून घेतलं. माझ्या कलेवरच्या प्रेमाने वगैरे नाही. त्या फांदीच्या बेचक्यात त्याचा पतंग अडकला होता आणि मी तो चित्रात घेतला होता. पतंगाचा पुरावा म्हणून त्याने तो कागद आपल्या लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून खळीने चिकटवला. ट्रंक बंद झाली आणि आम्ही ते विसरलो.

झाडाचं पुढचं थोडक्यात सांगते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर पसरणारी. एका वादळात मोठी फांदी कौलांवर आली आणि त्या वर्षी झाड तोडलं. तेव्हा मी नोकरीला लागले होते, घरी नव्हते. सुट्टीत गेले तर खिडकीतून समोर एकदम खूप आभाळ.

दोन वर्षांपूर्वी नातीने मला जलरंगांची पेटी दिली. “आजी, तुझा तो गुलमोहर काढ ना,” म्हणाली. तिला मी तो अनेकदा सांगितला होता, केसरांची लढाई, ‘दोनशे बारा’, सगळं. मी आठवडाभर खपले. मोठा कागद, मधोमध डेरेदार झाड, काळपट तपकिरी बुंधा, बुंध्याशी सड्यासारखी पडलेली फुलं, पानांचं नाव नाही, नुसता तांबडा जाळ. वरच्या कोपऱ्यात एक फूल मोठं करून काढलं, पुस्तकात काढतात तसं. सगळ्यांना आवडलं. नातीने चौकट करून आणली आणि चित्र दिवाणखान्यात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लागलं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मीही जाता-येता बघायचे आणि मनात म्हणायचे, अगदी असंच होतं.

या वर्षी दादाने घर आवरायला काढलं. ट्रंक रद्दीत द्यायची म्हणून उघडली आणि मला फोन केला. “दोनशे बारा, ये. पतंग सापडला.”

झाकणाला कागद होता तसा होता. कडा वाळवीने कातरलेल्या, खळीचे पिवळे डाग, पण चित्र शाबूत. आम्ही दोघं त्याच्यापुढे जमिनीवर बसलो आणि पहिला वाद पतंगावरून झाला. दादा गेली साठ वर्षं तांबडा पतंग सांगत आला आहे. चित्रात तो निळा आहे. दादा म्हणाला, तुझ्याकडे तांबडा रंग फुलांनाच पुरला नसेल. मी म्हटलं, दहा वर्षांची मी तुझ्यापेक्षा चोख होते. मग हसू आवरेना. आणि मग माझं लक्ष फुलांकडे गेलं आणि माझं हसू थांबलं.

तेवीस फुलं, तेवीस पांढऱ्या पाकळ्या, तेवीस वर्तुळं. आणि माझ्या दिवाणखान्यात, चौकटीत, कोपऱ्यातलं ते मोठं फूल आहे त्याला पाचही पाकळ्या तांबड्या आणि एकसारख्या आहेत.

संपादक महोदय, ज्या पाकळीसाठी मी दहाव्या वर्षी वर्गात फूल घेऊन उभी राहिले, ती पाकळी सत्तराव्या वर्षी मीच रंगवून टाकली होती. कुणी सांगितलं नव्हतं. गोष्ट सांगताना तोंडाने मी ‘एक पांढरी’ म्हणतच होते. २१२ आणि ५१ पाठ होते. शब्द जिभेवर टिकले आणि चित्र डोळ्यांतून गेलं. हाताला जे फूल काढावंसं वाटलं ते बाईंचं फूल होतं, सगळ्यांचं फूल, सहीच्या वहीच्या कोपऱ्यात काढतात ते. मग मी बाकीचंही ताडून पाहिलं. मूळ प्रत एका हातात, प्रूफ दुसऱ्या. माझ्या नव्या चित्रात पानं नाहीत, जुन्यात फुलांच्या झुबक्यांमधून कोवळी हिरवी जाळी आहे. नव्यात बुंधा तपकिरी, जुन्यात साल राखाडी. जुन्यात आदल्या वर्षीच्या काळ्या वाळक्या शेंगा लोंबताहेत, हातभर लांब, तलवारीसारख्या. दादाने आणि मी त्या शेंगांनी एकमेकांना इतकं बडवलं आहे, बिया आत खुळखुळायच्या तो आवाजही मला आठवतो, पण चित्र काढताना मी त्या एका तरी फांदीला लावल्या का? नाही. फुललेल्या झाडाच्या कल्पनेत काळ्या शेंगा बसत नाहीत, म्हणून आठवणीने त्या परस्पर गाळल्या. आठवण ही वाईट जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारी, नव्हे, ती फार शहाणी जुळारी आहे. लेखकाने काय लिहिलंय ते वाचण्याआधीच तिला कळलेलं असतं की त्याला काय म्हणायचं असणार. अशा जुळाऱ्यांनी मला उभ्या नोकरीत सर्वांत जास्त छळलं.

आता तुमच्या लेखासोबत छापलेल्या एका चित्राकडे येते. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं बदामाच्या बहराचं चित्र छापून तुम्ही खाली ‘निळ्या आभाळावर शुभ्र पांढरी फुलं’ असं दिलं आहे. आज ते चित्र दिसतं तसं तुम्ही लिहिलंत, तुमचा दोष नाही. पण ती फुलं मुळात आतापेक्षा गुलाबी होती. रंगातला तांबडा उजेडाने उडाला. व्हॅन गॉग वापरत असलेल्या काही तांबड्या रंगांची हीच गत झाली. त्याच १८९० सालच्या मे महिन्यातल्या आयरिस आणि गुलाबांच्या चित्रांचं तसंच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या आयरिसच्या चित्रामागची आज जवळजवळ पांढरी दिसणारी भिंत गुलाबी होती. हे रंग म्हणजे पांढऱ्या पुडीवर चढवलेले रंगद्रव, लेक म्हणतात त्यांना. डोळ्याला फार झगझगीत, उन्हापुढे फार नाजूक. मूळ प्रतीत ‘गुलाबी’ होतं, मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या उजेडाने ते ‘पांढरं’ असं वाचलं, आणि तुम्ही ते तसंच छापलंत.

त्या चित्राची गोष्ट लेखात अर्धीच आली आहे म्हणून पुरी करते, कारण ती माझ्या खाटेशी येऊन भिडते. ३१ जानेवारी १८९० रोजी व्हॅन गॉगच्या भावाला, थिओला, मुलगा झाला. त्याचं नाव काकाचंच ठेवलं. काका तेव्हा फ्रान्सच्या दक्षिणेला, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता. त्याने बाळासाठी हे चित्र फेब्रुवारीत काढायला घेतलं. त्यात बुंधा नाही, जमीन नाही, क्षितिज नाही. नुसत्या फांद्या आणि मागे आभाळ. कलेचे जाणकार सांगतात की ही जपानी छापचित्रांची शिकवण, आणि ते बरोबरच आहे. पण मी सहा आठवडे उताणी पडून काढले आहेत. मला ते चित्र पाहिल्याबरोबर वाटलं की हे पाळण्यातून दिसणारं झाड आहे. उताण्या मुलाला झाडाचा एवढाच भाग दिसतो. हे माझं मत, याला पुरावा नाही. ते बाळ पुढे इंजिनीअर झालं, काकाची चित्रं त्याने विकून न टाकता एकत्र राखली, आणि १९७३ साली ॲमस्टरडॅमला त्यांचं संग्रहालय उघडलं. बदामाची फांदी तिथेच आहे.

जपानी चित्रांचं निघालंच आहे तर ‘झाड पूर्ण नाही’ या शेऱ्याबद्दलही. हिरोशिगे हा चित्रकार साठीत असताना, १८५७ साली, त्याने आताच्या टोकियोतल्या कामेइदोच्या बागेतलं फुललेलं आलुबुखाराच्या जातीचं झाड काढलं. खोड नाकाला लागेल इतकं पुढे, आणि कागदाच्या कडांनी सरळ कापलेलं. फुलं पाहायला आलेली माणसं दूर, फांद्यांच्या फटींतून, बोटाएवढी. अख्खं झाड त्यात कुठेच नाही. व्हॅन गॉगला ते इतकं आवडलं की १८८७ साली त्याने तेलरंगात त्याची नक्कल केली. आमच्या बाईंनी हिरोशिगेला किती गुण दिले असते याचा विचार करून मी बऱ्याच रात्री मजेत काढल्या आहेत. चार तरी? (सगळंच अपूर्ण मला आवडतं असं मात्र समजू नका. मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचं १९१२ सालचं फुललेलं सफरचंदाचं झाड नातीने मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. राखाडी-हिरवट कमानीच कमानी, फूल एक नाही. मोठा माणूस असेल, पण त्याला ३ मी दिले असते.)

तर आमचा तांबडा. ट्रंकेतलं चित्र मी दादाकडून मागून घरी आणलं आणि भिंतीवरच्या नव्या चित्राशेजारी धरलं. जुन्या चित्रातला तांबडा शाळेच्या स्वस्त वड्यांचा, साठ वर्षांचा, आणि अजून असा की बोट लावलं तर बोटाला लागेल. नव्या चित्रातला तांबडा चांगल्या पेटीतला, दोनच वर्षांचा, आणि चौकटीच्या पट्टीखाली दबलेली कडेची दोन बोटं सोडली तर बाकी सगळा विटून फिका झालेला. मला रोज दिसत असूनही दिसलं नव्हतं. कारण उघड आहे. नवं चित्र खिडकीसमोर उजेडात होतं, जुनं अंधारात. बाईंनी तेव्हा १० पैकी ९ दिले असते तर आईने ते चित्र काच लावून बैठकीत टांगलं असतं, आल्या-गेल्याला दाखवलं असतं, आणि ते मी विशीत पोचण्याआधीच पुसट झालं असतं. ३ गुण मिळाले म्हणून ते ट्रंकेत गेलं. त्या तेवीस वर्तुळांबद्दल मी बाईंचे आभार मानायचे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमचं बालचित्रांचं पान. अकरा चित्रं आहेत. अकराही झाडांचा बुंधा तपकिरी, वर इंग्रजी वाय अक्षरासारख्या दोन फांद्या, त्यावर हिरवा ढग आणि ढगावर तांबडे किंवा गुलाबी ठिपके. एकातही आदल्या वर्षीची शेंग नाही, किडलेलं पान नाही, मध्ये आलेली तार नाही, गज नाहीत. यातलं एकही झाड कुणी पाहून काढलेलं नाही, आणि त्यात मुलांची चूक नाही. त्यांना झाड ‘येतं’. कुणीतरी शिकवलेलं आहे. आणि माझ्या अनुभवावरून सांगते, हे शिकवलेलं झाड फार चिवट असतं. ते साठ वर्षं कोपऱ्यात दबा धरून बसतं आणि म्हातारपणी तुमच्या हातात कुंचला आला की पाहिलेल्या झाडाला ढकलून स्वतः कागदावर येऊन बसतं.

नववं चित्र मात्र मी पुन्हा पाहिलं, खालच्या ओळीत उजवीकडचं, एका पहिलीतल्या मुलाचं. त्यातही तोच ढग आहे. पण ढगाच्या डाव्या बाजूला त्याने फुलं दिलेली नाहीत, एकही नाही, सगळी उजवीकडेच गर्दी करून बसली आहेत. परीक्षकांना ते अर्धवट वाटलं असावं, म्हणून ते पानाच्या तळाला. मला वाटतं त्या मुलाने काहीतरी पाहिलं आहे. झाडाची एक बाजू भिंतीच्या सावलीत असेल, किंवा त्या बाजूची फांदी छाटली असेल. त्याला कुणी विचारलं का? माझी विनंती आहे की विचारा. पुढच्या वेळी स्पर्धा घ्याल तेव्हा मुलांना सांगा की झाडासमोर बसून काढा, मावेल तेवढंच काढा, मध्ये जे येईल ते येऊ द्या. परीक्षकांना सांगा की शंका आली तर फूल मागवून बघा. ताजं मागवा, शिळ्या फुलात पाकळीची सुरळी झालेली असते.

आणि ज्यांच्या हातात आता कुंचला आला आहे त्या माझ्या वयाच्या वाचकांसाठी एक. आठवणीतून काढायचं असेल तर जरूर काढा, पण आधी कुणाची तरी ट्रंक उघडून बघा. भावाची बघितलीत तर उत्तम, भावंडांना आपल्यापेक्षा वेगळंच काहीतरी चुकीचं आठवत असतं, त्यामुळे ताडून पाहता येतं. दादा अजूनही पतंग तांबडाच होता म्हणतो. चित्र दाखवलं तर म्हणतो, तो दुसरा पतंग.

सोबत त्या जुन्या चित्राची रंगीत प्रत जोडली आहे. मूळ चित्र मी पुन्हा ट्रंकेत ठेवलं आहे, ट्रंक रद्दीत जाऊ दिली नाही. छापायचं ठरवलंत तर कृपया चारही कडा आहेत तशा ठेवा, फांदी उजवीकडे कापलेलीच आहे, ती मांडणीतली चूक नाही. बाईंची वर्तुळं काढून टाकू नका. आणि छपाईला जाण्यापूर्वी पान एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या. प्रत्येक फुलात एक पाकळी पांढरी आहे. तिथे शाई पोचली नाही असं वाटून कुणी ती भरून काढेल.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक